प्रशिक्षण नेमके कशाचे? एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

शाळांमधील तंबाखू-प्रतिबंधाच्या तासांसाठी शिक्षकांना तयार करण्याविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. ठाण्यातल्या शाळेत हयात घालवलेल्या माणसाचे म्हणणे बाजूला सारता येत नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे : शिक्षकांवर शाळाबाह्य कामांचा बोजा आधीच आहे, ज्याच्या खिशात तंबाखूची पुडी आहे, त्याने मुलांना काय सांगायचे, अमेरिकेतही असे प्रयोग फसले, आणि प्रशिक्षण म्हणजे चहा-बिस्किटे, पडद्यावरची भीतिदायक चित्रे आणि शेवटी सामूहिक छायाचित्र.

बोज्याबद्दल आपले खरे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना शाळाबाह्य कामे देता येत नाहीत आणि त्याला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद सांगितले आहेत. प्रत्यक्षात काय चालते ते आपण माझ्यापेक्षा अधिक पाहिले आहे. चहा-बिस्किटांची प्रशिक्षणेही होतात. परंतु त्यांचा दोष ती शिक्षकांना बोलावतात हा नसून, बोलावून भलतेच शिकवतात हा आहे. तंबाखूने कर्करोग होतो हे शिक्षकाला ठाऊक असते आणि मुलांनाही. पुडीवरचे चित्र ती रोज पाहतात. निव्वळ माहिती देणाऱ्या तासांनी मुलांच्या वागण्यात फरक पडत नाही, हे अनेक देशांतील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसले आहे. मित्रांच्या आग्रहाला तोंड देण्याचा सराव आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची कौशल्ये यांची सांगड घालणाऱ्या तासांचे निष्कर्ष त्याहून बरे आहेत. असा तास घेणे हे वेगळे कसब आहे आणि प्रशिक्षण हवे ते त्याचे.

नवी मुंबईतल्या ऐरोलीत शिक्षकांच्या अशा एका सत्रात एका शिक्षकांना सातवीतला मुलगा व्हायला सांगितले आणि दुसऱ्यांना टपरीवर उभा असलेला त्याचा मोठा मित्र. मित्र म्हणाला, "एकदाच घे रे, काय होतंय?" त्यावर सातवीतला मुलगा उत्तरला, "तंबाखूमध्ये निकोटिन नावाचे घातक द्रव्य असते." सगळे हसले, कारण असे बोलणारा मुलगा कोणाच्याच वर्गात नव्हता. तीन-चार फेऱ्यांनंतर उत्तर आले, "नको, क्लासला उशीर होतोय," आणि तो चालू लागला. हे साधे वाक्य मुलांकडूनच काढून घ्यायचे असते, तेही फळ्यावर न लिहिता, आणि फळ्याची सवय असलेल्या शिक्षकाला हेच सर्वांत अवघड जाते. "आजकाल सगळीच पोरं घेतात" हे रागाच्या भरात म्हटले जाणारे वाक्यही तितकेच घातक, कारण ते ऐकल्यावर तंबाखू न घेणाऱ्या मुलालाच आपण वेगळे आहोत असे वाटू लागते. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीत 13 ते 15 वयोगटातील 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करत होते. म्हणजे शंभरातील नव्वदहून अधिक मुले करत नव्हती.

दुसरी गोष्ट मशेरीची, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची. 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के होते. बाहेरून आलेला सिगारेटवरचा पाठ इथे जसाच्या तसा चालत नाही. तुर्भे किंवा दिघ्यातल्या वर्गात शिक्षकाने "तंबाखू खाणारी माणसे घाण असतात" असे म्हटले, की ज्याची आजी सकाळी मशेरी लावते त्या मुलाने एक तर शिक्षकावरचा किंवा आजीवरचा विश्वास सोडायचा. घरच्या माणसाचा पाणउतारा न करता हा विषय कसा काढायचा, यावर सत्राचा बराच वेळ जातो आणि तो जायलाच हवा.

खिशातल्या पुडीचा आपला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फक्त त्यावरून मी उलटा निष्कर्ष काढतो. बिहारमधील 72 सरकारी शाळांत शिक्षकांच्याच तंबाखू सोडण्यावर काम झाले. त्या संशोधनात आपल्या नवी मुंबईतील हीलिस सेखसरिया ही सार्वजनिक आरोग्य संस्थाही सहभागी होती. कार्यक्रम संपताच पाहिले तेव्हा तंबाखू घेणाऱ्या शिक्षकांपैकी महिनाभर तिच्यापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण कार्यक्रमाच्या शाळांत 50 टक्के आणि इतर शाळांत 15 टक्के होते. त्यानंतर नऊ महिन्यांनी पाहिले तेव्हा सहा महिने तंबाखूपासून दूर राहिलेले अनुक्रमे 19 आणि 7 टक्के, म्हणजे गळती बरीच झाली, पण फरक टिकला. तेव्हा पुडीवाल्या शिक्षकाला वगळण्यापेक्षा प्रशिक्षणाची सुरुवात त्याच्यापासून करावी.

अमेरिकेबद्दल आपण म्हणता तो दाखला भक्कम आहे. वॉशिंग्टन राज्यातील 40 शालेय जिल्ह्यांच्या प्रयोगात, त्यांपैकी निम्म्यांत तिसरीपासून दहावीपर्यंत प्रशिक्षित शिक्षकांकडून तास घेऊनही धूम्रपानात फरक पडला नाही, हे 2000 साली प्रसिद्ध झाले. याउलट दिल्ली आणि चेन्नईच्या 32 शाळांतील 2004 ते 2006 च्या प्रयोगात कार्यक्रम असलेल्या शाळांत तंबाखूसेवन 17 टक्क्यांनी घटले, नसलेल्या शाळांत 68 टक्क्यांनी वाढले. तिथे शिक्षकांबरोबर मुलांमधूनच गटप्रमुख तयार केले होते आणि पालकांपर्यंतही मजकूर पोहोचवला होता. मात्र तो दोनच वर्षांचा हिशेब आहे. शाळा सुटल्यावर त्या मुलांचे काय झाले, हे त्यातून कळत नाही. म्हणून मी एवढाच दावा करतो, की एकट्या तासावर भिस्त ठेवू नये आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आतली टपरी तशीच राहू देऊन तर मुळीच नव्हे.

वेळेबद्दल माझी मागणी माफक आहे : एका शनिवारी सरावाचे सत्र, आणि शिक्षकांनी वर्गात तास घेतल्यानंतर काय जमले, काय फसले ते बोलायला दुसरी बैठक. दुसरी बैठक घ्यायची शाळेची तयारी नसेल, तर तिने पहिलीही घेऊ नये आणि दारावर तंबाखूमुक्त शाळेचा फलकही लावू नये, याबाबत आपले एकमत व्हावे.