बाखआल्पझेवरून मागे का फिरलो: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डच्या आमच्या सहलीला तुम्ही दोन तारे दिलेत. तक्रारी तीन: आकाश निळे असताना लीडरने फाउलहॉर्न शिखर न करता बाखआल्पझे तळ्यावरूनच परत फिरवले, ‘सोपा’ म्हटलेल्या आयगर ट्रेलवर आईंचे गुडघे धरले, आणि जेवणात रोज बटाटा-चीज.

आधी आईंबद्दल, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे. आयगरग्लेचरपासून आल्पिग्लेनपर्यंतची वाट जवळजवळ सगळी उताराची आहे, सुमारे ७०० मीटर खाली. दम लागत नाही म्हणून आम्ही ‘सोपा’ लिहिले आणि गुडघ्यांचा विचार केला नाही. तिथल्या पाट्यांवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, हेही सांगायला हवे होते. आईंना क्लाइन शाइडेगमार्गे रेल्वेने आल्पिग्लेनला उतरवता आले असते. आम्ही ते सुचवलेसुद्धा नाही, याचे फार वाईट वाटते. त्यांच्या वयाच्या मंडळींना मेनलिखेन ते क्लाइन शाइडेग ही साडेचार किलोमीटरची वाट द्यायला हवी होती. चढ-उतार बेताचा आणि आयगर शिखर थेट समोर. त्या दिवसाचे आईंचे पैसे आम्ही परत करत आहोत. माहितीपत्रकातला ‘सोपा’ शब्द काढून तिथे उतार मीटरमध्ये लिहिला आहे.

फाउलहॉर्नबाबत मात्र मी लीडरच्या पाठीशी आहे. बाखआल्पझे खोलगट जागी आहे. ढग फाउलहॉर्नच्या पलीकडून येत होते, ते तळ्यावरून दिसत नाहीत. मेटिओस्विस या तिथल्या हवामान खात्याच्या अॅपवर दुपारच्या वादळाचा इशारा होता आणि साडेबाराला पहिला गडगडाट ऐकू आला. गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज पोहोचेल इतकी जवळ आलेली असते. वर फाउलहॉर्नवर हॉटेल आहे हे तुमचे म्हणणे बरोबर, पण तळ्यापासून (२,२६५ मीटर) तिथे (२,६८१ मीटर) जायला दीड तास लागतो, तोही उघड्या उतारावरून. झाड एकही नाही.

तुम्ही लिहिलेत, ‘आम्ही पावसात कळसूबाई केलेली माणसे’. मीही केले आहे, आणि सह्याद्रीत भिजत चालण्यासारखे सुख नाही. पण कळसूबाई १,६४६ मीटर. ते तळेच त्याहून सहाशे मीटर उंचावर आहे. तिथे भिजल्या अंगाला वारा लागला की जुलैतही माणूस गारठतो. त्या दिवशी आपण चौदा जण होतो. उद्या तोच आवाज ऐकू आला तर आमचा लीडर पुन्हा मागेच फिरेल, आणि त्या निर्णयाचे पैसे आम्ही परत करणार नाही.

जेवणाचे बरोबर आहे. रोश्टी (किसलेला बटाटा परतून केलेला तिथला पदार्थ) एक दिवस छान लागते, तीन दिवस नाही. पुढच्या गटासाठी स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आहे.

बँकेचा तपशील मागणारा ईमेल तुम्हाला पाठवला आहे. आईंचे गुडघे आता कसे आहेत, तेही त्यात कळवा.