नवोदयचं पोरगं कसं ओळखावं?

तुमचं पोरगं पाचवीत गेलं आणि त्याचं पुढचं काय ते अजून ठरलं नाही? मग उशीर झालाच म्हणायचा. शेजारच्यांनी चौथीच्या सुट्टीतच नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या निवासी क्लासची फी भरून टाकलीय.

गावातली हुशार पोरं परिस्थितीमुळं मागं पडू नयेत म्हणून ही जवाहर नवोदय विद्यालयं, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळा, निघाली. अगदी पहिल्या दोनांतलं एक आपल्या अमरावतीचं. 75 टक्के जागा आजही ग्रामीण मुलांना. आता ती हुशारी बाहेर काढायला आधी क्लासची पावती फाडावी लागते, एवढंच. त्यावर डोकं शिणवू नका.

प्रवेश परीक्षा मात्र पक्की. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण, त्यातले निम्मे मानसिक क्षमतेला. सहावीसाठी दुसऱ्यांदा बसता येत नाही, म्हणजे बुद्धी काय ती पाचवीत असेल तेवढीच. नंतर उगवलेली धरत नाहीत. पोरानं तेरावा प्रश्न सोडला आणि उत्तरपत्रिकेवर चौदाव्याच्या उत्तराचा गोळा तेराव्यासमोर काळा केला की पुढचे सगळे गोळे एक घर वर सरकतात. बॉलपेनचं खोडता येत नाही. असं पोरगं पुढं शिकून काय दिवे लावणार, हे तिथंच कळतं.

कुणी शंका काढलीच की परीक्षेनं पोरं खरंच ओळखली का, तर विद्यालयाचा दहावीचा निकाल त्याच्या तोंडावर मारा. निवडलेल्यांना राहणं, जेवण, पुस्तकं, विषयाला वेगळा शिक्षक, तेही जवळजवळ फुकट. उरलेल्यांना तीच शाळा, जिथं गुरुजी एका खोलीत दोन वर्ग सांभाळतात आणि मधेच निवडणुकीच्या कामाला जातात. एका कलमाला ठिबक लावायचं, दुसरं मुरमाड माळावर टाकायचं आणि पाच वर्षांनी मिशीवर ताव द्यायचा, 'बघा, मी रोपवाटिकेतच ओळखलं होतं!'

हवामान खात्याला ही चैन नाही. एप्रिलमध्ये पावसाचा जो अंदाज सांगितला, तो सप्टेंबर संपला की पडलेल्या पावसाशी ताडून बघावा लागतो, वर लोकांची थट्टा सोसावी लागते. प्रवेश परीक्षेचं बरं आहे. यादीतला शेवटचा आणि यादीबाहेरचा पहिला यांच्यात कधी एका गोळ्याचंच अंतर असेल, पण त्या बाहेरच्याचं दहावीला काय झालं हे बघायला कोण जातंय? तुम्हीही जाऊ नका. चुकून तो पुढं निघालेला असला तर उगाच पंचाईत.

आणि क्लासच्या सरांचा शब्द खाली पडू देऊ नका. माझ्या पुतण्याला सरावात प्रश्न आला: कागदाच्या तीन घड्या घातल्या, सगळ्या थरांतून एक भोक पाडलं, उलगडल्यावर भोकं किती? त्यानं लिहिलं आठ. क्लासच्या पुस्तिकेत उत्तर सहा. सरांनी भावाला बोलावून सांगितलं, "तुमचं पोरगं नवोदयचं नाही. आकृतीत कच्चं आहे." पोरानं तिथंच वहीचं पान फाडलं, तीन घड्या घातल्या, करकटकानं भोक पाडलं आणि पान उलगडून सरांपुढं धरलं.

सर म्हणाले, "परीक्षेत कागद देत नाहीत, बाळा."