पाच मिनिटं रडून नवऱ्याचं निदान? काय पण!

'नार्सिसिस्ट ओळखा फक्त पाच मिनिटांत' हा मेसेज सध्या सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. भिशीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, मी सोडून दिलं. पण परवा तो आमच्या ताईकडं पोचला आणि तिनं तो खराच मानला, मग मात्र डोकं फिरलं. मेसेजचं म्हणणं असं: सारखे सेल्फी काढणारा माणूस नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, त्याच्या मेंदूत दुसऱ्याचं दुःख कळायची सोयच नसते, त्याच्यासमोर रडून बघा आणि पाच मिनिटांत जवळ आला नाही तर पक्कं समजा, असा माणूस मरेपर्यंत बदलत नाही, आजच नातं तोडा.

सेल्फीचं आधी उरकते. गड्ड्याच्या जत्रेत एक चक्कर मारा, या हिशेबानं अख्खं सोलापूर आजारी निघेल. मानसोपचारवाले ज्यावरून निदान करतात त्या डीएसएम-5 या पुस्तकात नार्सिसिस्टपणाच्या विकाराची नऊ लक्षणं आहेत, त्यातली किमान पाच लागतात, तीही वर्षानुवर्षं आणि घरीदारी सगळीकडं दिसणारी. सेल्फी त्यात नाही.

आता ती रडायची परीक्षा. आमचे दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमवर आहेत, रात्रपाळी करून आले की तासभर त्यांना धड ऐकू येत नाही, मागांचा आवाजच तसला असतो. ताई ओट्याकडं तोंड करून मुसमुसत उभी, शेजारी मोबाईलवर टायमर. दाजी आले, केसांत सुताचे तंतू तसेच, "भाकरी झाली का गं" विचारलं, उत्तर आलं नाही म्हणून चटणी आणि शिळी भाकरी घेऊन बसले आणि तिथंच लवंडले. झालं! मला मेसेज, "बघ, सगळी लक्षणं जुळतात." अगं बाई, आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकड्यावर रात्री कुणी काढल्या? पाठमोऱ्या बाईचं रडणं दमलेल्या माणसाला दिसलं नाही याला विकार म्हणायचं का बे?

बरं, उलटं बघा. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं वेगळं आणि ते बघून आपल्याला आतून काही होणं वेगळं, संशोधक या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. स्वतःतच गुंतलेल्या कितीतरी लोकांना पहिलं बऱ्यापैकी जमतं, अडतं ते दुसऱ्या गोष्टीशी. म्हणजे खरा बेरकी नवरा तुमचं रडणं बघून दुसऱ्या मिनिटाला जवळ येईल, डोळे पुसेल, वर चार पाहुण्यांसमोर सांगेल की मी हिला किती जपतो. तो पास, आणि आमचे दाजी नापास.

'मेंदूत सोयच नसते' यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. सहानुभूतीचा अभाव हे त्या नऊ लक्षणांपैकीच एक आहे आणि अशा माणसासोबत राहून बायका पार खचतात. पण ब्रिटनमध्ये एरिका हेपर आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रयोग छापलेत. नार्सिसिस्टपणाचे गुण जास्त असलेल्यांना दुसऱ्याचं दुःख नुसतं दाखवलं तर ते थंड राहिले. पण छळ सोसलेल्या बाईचा व्हिडिओ दाखवताना 'तिला काय वाटत असेल याचा विचार करा' असं सांगितल्यावर त्यांनाही तिच्याबद्दल वाटायला लागलं. एका प्रयोगात तर हृदयाचे ठोके मोजले, तेही वाढले. हे लोक निदान झालेले रुग्ण नव्हते हे खरं, त्यामुळं फार ताणत नाही. पण सोयच नसती तर ठोके कशाला वाढले असते? आणि डीएसएमसुद्धा इतरांच्या भावना समजून घ्यायची तयारी नसते असंच म्हणतं. म्हणजे 'त्याला बिचाऱ्याला कळतच नाही' ही सबबसुद्धा गेली ना.

मरेपर्यंत बदलत नाही, हेही ठोकून दिलंय. बदल सोपा नाही, उपचाराला यायला हे लोक सहसा तयार नसतात, पण वयानुसार हे गुण सरासरीनं कमी होतात असंच अभ्यासांत दिसलंय.

राहिलं नातं तोडायचं. मारहाण होत असेल, पैसे अडवत असेल, तर तो नार्सिसिस्ट आहे की नाही हे ठरवत बसू नका, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याला त्याचं निदान लागत नाही, महिला हेल्पलाइन 181 ला फोन करा. तसं काही नसेल पण घरात जीव घुसमटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि नवऱ्याला कुठलं लेबल न लावताही स्वतःच्या उडालेल्या झोपेबद्दल तिथं बोलता येतं.