राऊलचा पहिला प्याला कुणी पाहिला?

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मला राग आला होता, म्हणून दोन दिवस थांबले. काल परत वाचली. तुम्हीही या नाटकावर माझ्याइतकाच जीव लावला आहे, हे तेव्हा नीट लक्षात आलं. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या संगीत नाटकाचा पुढचा भाग म्हणजे ‘लव्ह नेव्हर डाइज’. पॅरिसच्या ऑपेराच्या तळघरात मुखवटा घालून राहणारा विद्रूप फँटम, तो जिच्यावर जीव लावतो ती गायिका क्रिस्टीन, आणि तिचा प्रियकर राऊल, अशी या तिघांची गोष्ट. त्यावर मी लिहिलं होतं की प्रेक्षकांचा त्याच्यावरचा राग रास्त आहे. त्यावर धुळ्याच्या या भाऊंनी चार मुद्दे मांडले. मी ‘हे नाटक सगळीकडे पडलं’ असं लिहिलं, ते चूक आहे. पहिला भाग मी रंगमंचावर पाहिला आणि दुसरा चित्रीकरणात, म्हणजे तुलनाच अन्यायाची झाली. पात्रं लेखकाची असतात, तो त्यांचं काहीही करू शकतो. आणि खान्देशात बसून लंडनच्या प्रेक्षकांचा राग उसना आणायची गरज काय?

पहिला मुद्दा मान्य. चूक माझी होती. लंडनच्या अ‍ॅडेल्फी थिएटरात ९ मार्च २०१० ला सुरू झालेलं नाटक २७ ऑगस्ट २०११ ला बंद झालं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला न्यायचा बेतही रद्द झाला. तेवढ्यावरून मी ‘सगळीकडे’ लिहून मोकळी झाले. पण २०११ च्या मे महिन्यात मेलबर्नला सायमन फिलिप्स यांनी ते नव्याने बसवलं, तिथे त्याचं स्वागत बरंच बरं झालं. पुढे ते कोपनहेगन, टोकियो, हँबर्ग इथे गेलं आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरही निघालं. लेखात ही दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार मानून.

दुसरा मुद्दा निम्मा मान्य. ‘फँटम’ मी मार्च २०२५ मध्ये मुंबईत पाहिलं. जळगावहून रात्रीच्या गाडीने गेले, पहाटे उतरले, दुपारभर भाचीकडे पडून राहिले आणि संध्याकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या भव्य थिएटरात जाऊन बसले. झुंबर वर चढायला लागलं आणि ऑर्गनचे ते पहिले सूर छातीत घुसले, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. तो अनुभव पडद्यावर येत नाही. पण भाऊ, दुसऱ्या भागाचं जे चित्रीकरण आम्ही पाहिलं ते त्याच मेलबर्नच्या प्रयोगाचं. तो प्रयोग डोळ्यांचं पारणं फेडणारा आहे. सर्कस, आरसे, मोर, काचेतून दिसणारे सांगाडे, सगळं देखणं. अ‍ॅना ओबायर्न शीर्षकगीत गाते तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. म्हणजे मला जे खटकलं ते पडद्यामुळे नाही खटकलं. ते गोष्टीत आहे, आणि गोष्ट पडद्यावरही तीच असते.

संगीताबद्दल आपलं भांडण नाहीच. सुरुवातीला फँटम एकटा बसून जे गातो, ‘टिल आय हिअर यू सिंग’, ते वेबर यांच्या उत्तम गाण्यांत बसेल. लंडनच्या पहिल्या रूपात नाटकाची सुरुवात वेगळी होती. तक्रारी वाढल्यावर २०१० च्या अखेरीस काही दिवस पडदा पाडून फेरफार केले आणि हे गाणं सुरुवातीला आणलं. मूळ ‘फँटम’ची गाणी लिहिणारे चार्ल्स हार्ट यांनाही शब्दांवर हात फिरवायला बोलावलं. लोकांचं म्हणणं निर्मात्यांनाही पटलं होतं, नाहीतर चालू नाटक कोण थांबवतं?

आता तिसरा मुद्दा. माझा खरा वाद इथे आहे.

पात्रं लेखकाची असतात, मान्य. फँटम तरी मुळात वेबर यांचा कुठे होता? गॅस्टन लरू यांच्या १९१० च्या कादंबरीतला तो. आणि पुढची गोष्ट सांगू नये असं मी कधीच म्हटलं नाही. आपल्याकडे एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’नंतर ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहिलं. चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये तिन्ही नाटकं सलग उभी केली, नऊ तासांच्या आसपास. लोक बसले. त्या देशपांड्यांच्या घरात पुढे चांगलं घडतं का? घर पडतं, माणसं विखुरतात, पाणी आटतं. तरी कुणी म्हटलं नाही की आमच्या आवडत्या माणसांचे हाल का केले. कारण वाड्याच्या भिंतीतली भेग पहिल्या नाटकातच दिसलेली होती. पुढच्या नाटकांनी ती रुंदावत नेली.

म्हणून ‘क्रिस्टीन मेली म्हणून तुम्ही रडता’ हे तुमचं वाक्य मला लागलं. क्रिस्टीन मेल्याचं दुःख मी सोसलं असतं. मला सोसवत नाही ते वेगळंच.

पहिल्या नाटकाचा शेवट आठवा. तळघरात राऊलच्या गळ्यात फास आहे. फँटम क्रिस्टीनला सांगतो, माझ्याजवळ राहा, नाहीतर हा मरेल. ती त्या विद्रूप चेहऱ्याचं चुंबन घेते. आयुष्यात कुणी मायेने हात लावला नव्हता अशा माणसाला ते सोसवत नाही, आणि तो दोघांना जाऊ देतो. सगळी रात्र आपण ज्याला भीत होतो तो माणूस एका क्षणात मोठा होतो. एवढ्यासाठी लोक १९८६ पासून ते नाटक पाहतायत, एकट्या ब्रॉडवेला १३,९८१ प्रयोग झाले.

आणि दुसरा भाग काय सांगतो? राऊलशी लग्नाच्या आदल्या रात्री क्रिस्टीन फँटमला शोधत परत गेली होती, दोघं एक झाले, आणि उजाडायच्या आत तोच पळून गेला. मुलगा गुस्ताव त्याचा. म्हणजे ज्या सोडून देण्यावर आपण रडलो, त्याला काही दिवसांतच अर्थ उरला नव्हता. ही पुढची गोष्ट नाही, भाऊ. ही मागे जाऊन केलेली खाडाखोड आहे. वाड्याची भिंत पुढे पडली तर चालेल, पण ती कधी उभीच नव्हती असं सांगू नका.

राऊलचंही तेच. दहा वर्षांनी तो न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला, जिथे फँटमने आता खेळांची जत्रा थाटलीय, येतो तो थेट दारुडा, जुगारी, कर्जबाजारी, बायकोवर आणि पोरावर खेकसणारा. तुम्ही लिहिलंत, ‘माणसं बदलतात, दारू भल्याभल्यांना खाते.’ खातेच. आपल्या रंगभूमीला हे सांगायला नको. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं तेव्हापासून आपण सुधाकरला पाहतोय. पण गडकऱ्यांनी काय केलं बघा. हुशार, मानी वकील. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद जाते, आणि त्या अपमानाच्या घटकेला तळीराम समोर येतो. तो पहिला प्याला आपल्या डोळ्यांदेखत भरला जातो. दुसरा, तिसरा, सगळे आपण मोजतो. म्हणून शेवटी सिंधूकडे पाहताना सुधाकरचा संतापही येतो आणि त्याच्यासाठी जीवही तुटतो. राऊलचा पहिला प्याला कुणी पाहिला? फास गळ्यात असताना ‘मला मरू दे, पण तू मोकळी हो’ म्हणणारा तो पोरगा बाटलीपर्यंत कुठल्या वाटेने गेला? नाटक ते सांगत नाही. फँटम बरा वाटावा म्हणून राऊल वाईट करायचा होता, तेवढंच. मग फँटमशी गुत्त्यात बसून बायकोवर पैज लावणं आलं. ती गायली तर राऊलने निघून जायचं, नाही गायली तर फँटम कर्ज फेडणार. प्रसंग गाण्यात रंगतो, पण माझं मन त्यात कुठेच बसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या लेखात यायला हवी होती. पुढे काय झालं हे पहिल्या नाटकाने आधीच सांगून ठेवलंय, अगदी सुरुवातीला. लिलाव चालू आहे, चाकाच्या खुर्चीत म्हातारा राऊल बसलाय, आणि तो माकडाची जुनी वाजणारी पेटी विकत घेतो. क्रिस्टीनने सांगितली होती तशीच ही आहे, ती तुझ्याबद्दल नेहमी बोलायची, अशा अर्थाचं तो त्या पेटीशीच बोलतो. म्हणजे लग्नानंतर घरात ती फँटमच्या वस्तूंबद्दल बोलत राहिली, आणि हा ऐकत राहिला, लक्षात ठेवत राहिला, इतकं की म्हातारपणी ती पेटी घ्यायला आला. एका संसाराची आख्खी गोष्ट त्या दोन-तीन वाक्यांत आहे. अशा माणसाला दारुडा करायचं तर ही पेटी आधी फोडावी लागते.

क्रिस्टीनची नर्तकी मैत्रीण मेग, तिच्या बाबतीत मात्र मी तुमच्याबरोबर आहे. ती आणि तिची आई मादाम गिरी दहा वर्षं फँटमसाठी झिजतात. त्याचा कारभार उभा राहावा म्हणून मेग जे करते ते कळल्यावर काटा येतो, आणि त्याला तिचं नाचणंसुद्धा दिसत नाही. शेवटी तिच्या हातात पिस्तूल येतं आणि क्रिस्टीनला गोळी लागते, तेव्हा मला धक्का बसला नाही. तिची वाट आपण पाहिलेली असते. म्हणजे या नाटकाला पायरी-पायरीने माणूस मोडून दाखवता येतो. ते राऊलसाठी केलं नाही याचा राग म्हणूनच जास्त येतो.

आता तुमचा चौथा मुद्दा, उसन्या रागाचा. लंडनमध्ये काहींनी नावाची मोडतोड करून ‘पेंट नेव्हर ड्राइज’ म्हटलं, म्हणजे हा रंग काही केल्या वाळतच नाही. ते मी लेखात दिलं होतं, आता काढून टाकलंय. तो शेरा माझा नव्हता आणि मला त्यातून काही सांगायचंही नव्हतं.

पण खान्देशात बसून मत कसं बनलं ते सांगते. डिसेंबरात यावल तालुक्यात भावाच्या मळ्यात भरीत पार्टी होती. काड्यांवर वांगी भाजणं, ठेचणं, कळण्याची भाकरी, सगळं आटोपल्यावर दहा-बारा जण उरलो. पुतण्याने खळ्याच्या भिंतीवर पांढरी चादर बांधून ते चित्रीकरण लावलं. पहिला भाग त्यांना आदल्या रात्री दाखवला होता, गाण्यांचा अर्थ मी मधे मधे सांगत होते. माझी अमळनेरची आत्या सत्तरीच्या पुढची. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. लंडनमध्ये कोण काय म्हणालं हे तिच्या गावीही नव्हतं. पण तिने जत्रेतले रात्रभराचे वग पाहिलेत, वहीगायन ऐकलंय, जळगावच्या बालगंधर्व महोत्सवात थंडीत शाल घेऊन शेवटपर्यंत बसलीय. गोष्ट कुठे तुटते हे तिचा कान सांगतो. लग्नाच्या आदल्या रात्रीचं ते गाणं मी समजावलं तशी ती म्हणाली, “त्यानी तिले सोडी दिन्ही व्हती ना? मंग हाई काय नवीन?” आणि शालीत गुरफटून गप्प बसली. माझा अख्खा लेख म्हणजे तिच्या त्या प्रश्नाचा विस्तार आहे. लंडनमधल्या लोकांनाही तेच खुपलं असेल तर त्यात उसनं काय?

आणि तीच आत्या शेवटी रडली, हेही सांगायला हवं. क्रिस्टीन गेल्यावर तो पोरगा, जो आधी बापाचा चेहरा पाहून किंचाळून पळाला होता, तो जवळ येतो, मुखवटा काढतो आणि त्या चेहऱ्याला हात लावतो. आत्याने पदर डोळ्यांना लावला. मलाही हुंदका आला. ही जागा मी लेखात एका ओळीत उरकली, तो अन्याय होता. तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘निदान त्या हाताबद्दल तरी लिहायचं होतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त पटलं.

तुम्ही विचारलंत, उद्या हे नाटक मुंबईला आलं तर जाल का? जाईन. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढीन, आत्यालाही नेईन. तिने मात्र मला आधीच सांगून ठेवलंय की पहिलं नाटक परत आलं तर त्यालाच न्यायचं, तिला ती माकडाची पेटी समोर वाजताना बघायची आहे.