फर्गी गेला, गिलपण गेला: कॉलेज रोडच्या कट्ट्यावरचं भांडण

विषय काढला पिंट्याने, अजून कोण काढणार. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा फॅन, वर्षानुवर्षं त्याचं एकच रडगाणं, की फर्गी, म्हणजे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन, गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉयेसने आमच्या क्लबची वाट लावली. परवा कॉलेज रोडला आम्ही चौघं बसलेलो, तो सुरू झाला आणि अण्णांनी लगेच पकडला त्याला. अण्णा आमच्यापेक्षा बरेच मोठे, अंबडला कंपनीत सुपरवायझर, लिव्हरपूलचे भक्त, आणि आम्ही एकमेकांना काहीही बोलत असलो तरी त्यांना अहो-जाहोच.

"वाट लावायला तो टिकला किती रे? सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिने पण धड ठेवला नाही तुम्ही."

"अण्णा, 2013 ला 89 पॉइंट घेऊन चॅम्पियन, पुढच्या वर्षी 64 आणि सातवा नंबर. टीम तीच होती ना भो!"

"तीच होती हाच तर लोचा आहे," अण्णा म्हणाले. आणि हे पटण्यासारखं आहे, कारण बघा, स्कोल्स रिटायर झालेला, गिग्ज त्या सिझनमध्ये चाळीस पूर्ण करणार, फर्डिनांड पस्तीस, विदिच आणि एव्हरा बत्तीसच्या पुढे चाललेले, आणि ज्या व्हॅन पर्सीच्या 26 गोलवर ती लीग आली तो पण तिशीत पोचलेला. फर्गीने त्या स्क्वॉडमधून शेवटचा थेंब पिळून काढला आणि चोथा ठेवून गेला. वर मॉयेसने फेलन, मॉइलन्स्टीन वगैरे जुना कोचिंग स्टाफ जाऊ दिला आणि आधीच्या एव्हर्टन क्लबमधली स्वतःची माणसं आणली, तो मूर्खपणा त्याचा स्वतःचा, तिथे मी पिंट्याच्या बाजूने.

पण माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते मला कोणी पूर्ण बोलू देईना. त्याच उन्हाळ्यात क्लबचा सीईओ डेव्हिड गिल पण गेला. म्हणजे मैदान सांभाळणारा आणि सौदे करणारा दोघं एकदम बाहेर. गिलच्या जागी वुडवर्ड आला, त्याला ट्रान्सफरचा अनुभव नाही, आणि मग काय झालं, एव्हर्टनचा फेलायनी जुलैअखेरपर्यंत करारातल्या ठरलेल्या रकमेत, साडेतेवीस मिलियन पौंडात सुटत होता, यांनी ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे खरेदीच्या मुदतीच्या, शेवटच्या दिवशी साडेसत्तावीसला घेतला. चार मिलियन नुसते उशिराचे! आमच्या पंचवटीतली कुठलीही मावशी मेथीची जुडी याच्यापेक्षा बऱ्या भावात घेऊन दाखवेल. फर्गीची सत्ता फक्त ड्रेसिंगरूममध्ये नव्हती, कुठला पोरगा घ्यायचा, कुठला विकायचा, अॅकॅडमीत काय चाललंय, सगळं त्याच्या डोक्यात, आणि जे गिलच्या डोक्यात होतं ते पण गेलं. मग खुर्चीत मॉयेस बसवा नाहीतर अजून कोणी.

"तरी पण चॉईसच चुकला," बाळ्या म्हणाला. बाळ्या आर्सेनलवाला, म्हणजे दुःख त्याला नवीन नाही. "एव्हर्टनला अकरा वर्षं, ट्रॉफी शून्य. आणि निवडला कोणी? फर्गीने. घरी बोलावलं आणि सांगून टाकलं पुढचा मॅनेजर तू, हे मॉयेस स्वतः सांगतो. दोघंही ग्लासगोचे. गाववाला म्हणून सिलेक्शन!"

यावर पिंट्या चिडला पण उत्तर नव्हतं, कारण तारखाच बघा ना, 8 मे 2013 ला फर्गीने निवृत्ती जाहीर केली आणि 9 मेला मॉयेसचं नाव जाहीर. सव्वीस वर्षं ज्या माणसाने क्लब चालवला त्याच्या जागेवर बसणाऱ्याची निवड आधीच आतल्या आत झालेली. 12 मेला ओल्ड ट्रॅफर्डला माईक घेऊन फर्गी पब्लिकला सांगतो की नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे रहा, लोकांनी 'द चोजन वन' म्हणून त्याचा मोठा बॅनर पण लावला, आणि वर्ष व्हायच्या आत पब्लिकने विमानाच्या मागे त्याला हाकलायचा बॅनर फिरवला.

मग अण्णांची टर्न. चहा आलेला होता, आता ते 1974 ला जाणार हे सगळ्यांना माहीत. लिव्हरपूलचा मॅनेजर बिल शँकली अचानक रिटायर झाला, आणि क्लबने बाहेर शोधायच्या ऐवजी आतलाच बॉब पेझली बसवला, ज्याला मॅनेजर व्हायचंच नव्हतं. खेळाडू म्हणून आलेला, मग फिजिओ, मग कोच. नऊ वर्षांत सहा लीग, तीन युरोपियन कप. त्याच्यानंतर त्याच बूटरूममधला (लिव्हरपूलचे कोच जिथे बसायचे ती खोली) जो फेगन, पहिल्याच सिझनला लीग, लीग कप आणि युरोपियन कप तिन्ही. "म्हणून सांगतो, घरचा माणूस घ्या. घर माहीत असलेला."

"मग मॅकगिनेस?" मी म्हटलं.

पिंट्या माझ्याकडे बघायला लागला. युनायटेडचा फॅन आणि विल्फ मॅकगिनेस माहीत नाही, धन्य आहे. 1969 ला युनायटेडचा मॅनेजर मॅट बझबी बाजूला झाला आणि एकतीस वर्षांचा मॅकगिनेस आला, तो पण घरचाच, तिथेच खेळलेला, तिथेच कोच. डिसेंबर 1970 ला गेला, आणि परत बझबीच आला. कारण बझबी कुठे गेलाच नव्हता! जनरल मॅनेजर म्हणून त्याच बिल्डिंगमध्ये बसलेला, आणि जे प्लेयर त्याने घडवले ते कालपर्यंतच्या आपल्या दोस्ताला बॉस कशाला मानतील. लिव्हरपूलला उलटं झालं, शँकली रिटायर झाल्यावर पण मेलवूडला, क्लबच्या ट्रेनिंग ग्राउंडवर, प्रॅक्टिसला यायचा, पोरं त्यालाच बॉस म्हणायची, पेझलीची पंचाईत व्हायची, मग हळूहळू त्याला जाणवून देण्यात आलं की आता येऊ नकोस. ज्याने क्लब उभा केला त्याला असं. अण्णा यावर काही बोलले नाहीत, त्यांना हा भाग कधीच आवडत नाही, पण मला वाटतं त्या कटू निर्णयामुळेच पेझलीला मोकळं काम करता आलं.

"सीएसकेचं घे ना," बाळ्या म्हणाला, "2022 ला जडेजाला कॅप्टन केला, धोनी विकेटमागे उभा, पोरं बघणार कुणाकडे? आठ मॅचनंतर परत धोनी." हे फिट बसतं, पण मग चर्चा ऋतुराजवर गेली आणि वीस मिनिटं फुटबॉल गायब.

परत आलो ते स्लॉटवर, क्लॉपनंतर लिव्हरपूलचा मॅनेजर झालेला. क्लॉपने जानेवारी 2024 मध्येच सांगून टाकलं की सिझनअखेर जातोय, त्यामुळे वेळ मिळाला. खेळाडूंची खरेदी बघणारा मायकेल एडवर्ड्स परत आला, त्याच कामाला रिचर्ड ह्यूज आला, झाबी अलोन्सो लेव्हरकुसेनचा मॅनेजर म्हणून तिथेच थांबला म्हणून डच क्लब फेयेनूर्डचा स्लॉट बघितला. आणि त्याने आल्या आल्या तोडफोड केली नाही, त्या उन्हाळ्यात संघात नवा चेहरा म्हणजे फक्त किएसा. ग्रेव्हनबर्खला मागे खेळवला, सालाहने 29 गोल मारले, आणि चार मॅच बाकी असताना टॉटनहॅमला 5-1 ने हाणून लीग.

"क्लॉपचीच टीम होती ती," पिंट्या. "पुढच्या वर्षी स्वतःची बनवली, विर्त्झ, इसाक, एवढा पैसा ओतला, आणि नोव्हेंबरअखेर शेवटच्या बारापैकी नऊ मॅच हरला."

यावर अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आपला प्लेयर जोटा वारला होता रे त्या जुलैमध्ये." तेवढ्यापुरता पिंट्या गप्प बसला, आणि बसायलाच पाहिजे होतं. पण त्याचा मुद्दा अगदीच फालतू नाही. पहिलं वर्ष वारशावर निघतं, खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी. मॉयेसचा वांधा असा की त्याला मिळालेला वारसा पहिल्याच वर्षी संपला.

मी शेवटी माझं घोडं पुढे दामटलं, की मॅनेजर आणि खरेदी बघणारा एकाच उन्हाळ्यात जाऊ द्यायचेच नाहीत. मँचेस्टर सिटीत खरेदी बघणारा त्झिकी बेगिरिस्ताइन 2025 ला गेला, त्याच्या जागी स्पोर्टिंग क्लबचा ह्यूगो व्हियाना आला, तेव्हा मॅनेजर पेप ग्वार्दिओला खुर्चीतच होता. फर्गी आणि गिलने हेच केलं असतं, एकाने वर्षभर थांबायचं, तर मॉयेसचं जमलं असतं का?

"नाही," अण्णा आणि पिंट्या एकदम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत, ते पण माझ्या विरोधात.

"सातवा नाही, पाचवा आला असता," बाळ्या म्हणाला, "आणि कपांचे पैसे या वेळी पिंट्या देणार."