स्पष्टवक्ते, जरा ऐका

स्पष्टवक्ते (खरं नाव लिहायला काय हरकत होती?),

क्रायस्लर टर्बाइन कारवरच्या (नेहमीच्या पिस्टन इंजिनाऐवजी वायू टर्बाइनवर चालणारी अमेरिकन गाडी) माझ्या लेखात तुम्ही चार चुका काढल्यात. पैकी एक मान्य. लोकांना वापरायला दिलेल्या गाड्या 50 होत्या, 55 नव्हेत. वरच्या पाच नमुन्याच्या. दुरुस्त केलंय. आभार.

आता तुमचं ते वाक्य: "लेखकाने जन्मात टर्बाइन उघडलेलं दिसत नाही." ही कुठली भाषा? साहेब, मी उरणच्या वायू विद्युत केंद्रात 19 वर्षं मेंटेनन्सला काढली. केसिंग, म्हणजे टर्बाइनचं बाहेरचं कवच, उचललं की बॅटरी घेऊन एकेक ब्लेड बघत बसायचो. त्यातलं एक बाद ब्लेड आज माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. कड बघाल तर उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी. नुसत्या तापलेल्या वायूने केलेलं काम आहे ते!

म्हणून 1963 साली क्रायस्लरचे इंजिनिअर ह्यूबनर आणि मंडळींनी बॉनेटखाली मिनिटाला 44,500 फेऱ्यांपर्यंत जाणारं टर्बाइनचं चाक बसवलं, बाहेर जाणारी उष्णता दोन फिरत्या रीजनरेटरांनी परत आत वळवली, आणि असली गाडी 203 साध्या लोकांच्या हाती तीन-तीन महिने सोपवली, याचं मोल मला कळतं. कीबोर्ड बडवणाऱ्याला नाही कळायचं. (हे वाक्य खोडणार होतो. असू दे.)

शिशाचं पेट्रोल चालत नसे, खरंय. पात्यांवर पुटं चढत. पण डिझेल चाले, रॉकेल चाले, मेक्सिकोच्या अध्यक्षांसाठी टकिलावरही चालली. तुमच्या गाडीत ओतून बघा एकदा.

मायलेजचं रडगाणं तर जुनंच. सिग्नलला उभं असतानाही टर्बाइनचं चाक मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, मग तेल पिणारच की! आमच्याकडेही कमी लोडवर मशीन चालवायला कुणी राजी नसे. म्हणून काय ती भंगारात काढायची? क्रायस्लरने 46 गाड्या मोडीत काढल्या, ते वेगळं.

"पाय दाबल्यावर दीड सेकंद विचार करणारी गाडी" या तुमच्या विनोदाला उत्तर देत नाही.

पुढचा लेख ब्रिटिश रोव्हर कंपनीच्या जेट-1 या टर्बाइन गाडीवर आहे. वाचा, नका वाचू, तुमची मर्जी. लिहिलंत तर मात्र नावानिशी लिहा.