उडवू नका रे त्यांना!
दर मार्चला तेच. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने पहाटे पोचावं, तलवार आणि थापट्या बदकं उथळ पाण्यात निवांत चरतायत, जांभळी पाणकोंबडी काठाच्या गवतातून फिरतेय, आणि तेवढ्यात कुणीतरी दगड भिरकावून अख्खा थवा उठवतं, का तर म्हणे उडतानाचा रील पाहिजे! अरे, ही बदकं आता हजारो किलोमीटर उत्तरेला परत निघणार, त्यासाठी खाऊन खाऊन अंगावर चरबी साठवतायत, अशा प्रत्येक फुकटच्या उड्डाणात तीच जळते ना. २०१९ साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झालेली जागा आहे ही, पिकनिक स्पॉट नाही. आणि सांगायला गेलं की वर आपल्यालाच "तुमच्या मालकीचं आहे का" म्हणतात. डोकंच फिरतं!